दीड-दोन वर्षांच्या मुलांचे जेवण

एक ते तीन वर्षांच्या मुलाचे पोट लहान असते, पण वाढ झपाट्याने होत असते. म्हणून तीन वेळा जेवण आणि मध्ये दोनदा पौष्टिक खाऊ, असे थोडे थोडे भरवावे.

सकाळी नाचणीची खीर उत्तम. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. मोड आणून दळलेली नाचणी पचायलाही हलकी. दुपारी मऊ वरणभात, वर साजूक तूप आणि लिंबाचे चार थेंब. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतले लोह अंगी लागते. संध्याकाळी केळे, उकडलेले अंडे किंवा रताळे द्यावे. रात्रीच्या मूगडाळीच्या खिचडीत किसलेला दुधी, गाजर किंवा बारीक चिरलेला पालक शिजवावा.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे घशात अडकू शकतात. दाण्यांचे कूट करावे, द्राक्षे उभी चिरून द्यावीत. दूध दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त नको. त्याने पोट भरले की जेवण मागे पडते आणि लोह कमी पडते.

नवा पदार्थ नाकारला तर काही दिवसांनी पुन्हा द्यावा. बळजबरी मात्र कधीही करू नये. किती खायचे, हे मुलाच्या भुकेवर सोडावे.