भूक नसलेला मासा गळाला कसा लागतो?

गळाने मासे धरण्याची विद्या माशाच्या भुकेवर उभारलेली आहे, असा सर्वसाधारण समज असतो. मासा भुकेला असावा, आमिष त्याच्या आवडीचे असावे आणि गळ टाकणाऱ्याच्या अंगी थोडी चिकाटी असावी, म्हणजे झाले. परंतु उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पॅसिफिक महासागरास मिळणाऱ्या नद्यांतून, दर वर्षी शरद ऋतूत असा एक मासा वर चढतो की, ज्याला नदीत शिरल्यावर भूक अशी उरतच नाही. त्याचे नाव कोहो सामन. अंगावरील रुपेरी झळाळीमुळे अलास्कातील लोक त्यास 'सिल्व्हर' म्हणतात. ज्याला खायचेच नाही, त्या प्राण्याने पितळेचे पाते अगर रंगीत पिसांचा झुबका तोंडात का धरावा, हा या शिकारीतील मूळ प्रश्न होय. आणि ज्यास तो उमगला, त्यासच कोणते आमिष केव्हा व कसे वापरावे हे उमगते.

शास्त्रज्ञांनी या माशास ऑन्कोऱ्हिंकस किसुच असे नाव दिले आहे. पहिल्या शब्दाचा अर्थ आकड्यासारख्या नाकाचा. दुसरा शब्द रशियाच्या कामचात्का द्वीपकल्पातील लोकांच्या बोलीतून आलेला असून १७९२ मध्ये वालबाउम या जर्मन पंडिताने तो शास्त्रीय नावात घेतला. कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत आणि पलीकडे आशियाच्या ईशान्य किनाऱ्यावर या माशाचा वास आहे. नदीच्या उगमाकडील लहान ओढ्यांत, खड्यांच्या थराखाली घातलेली अंडी वसंतात फुटतात. पिल्लू वर्षभर, आणि थंड प्रदेशात त्याहूनही अधिक काळ, गोड्या पाण्यात वाढते; मग ते समुद्रात उतरते. तेथे सुमारे दीड वर्ष हेरिंग, माकूळ, कोळंबीसारखे जीव यांवर यथेच्छ ताव मारून, बहुधा तीन ते पाच किलो वजनाचा झालेला हा मासा आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परततो, अंडी घालतो आणि मरतो. नर व मादी दोघांचीही हीच गती. नदीचा हा प्रवास त्याच्या आयुष्यात एकदाच घडतो.

या प्रवासाचा सारा शिधा त्याने समुद्रातच अंगावर चढवून घेतलेला असतो. गोड्या पाण्यात शिरताच त्याची पचनेंद्रिये आकसू लागतात आणि शरीरातील सारी शक्ती अंडी व शुक्र परिपक्व करण्याकडे वळते. म्हणून डोहात शेकडो कोहो जमलेले आहेत, घटकेघटकेला एखादा उसळी मारून पाण्यावर आदळतो आहे, आणि काठावरच्या दहा माणसांपैकी एकाच्याही काठीला हिसका बसत नाही, असे दृश्य तेथे नित्याचे असते. तेथील शिकारी लोक विनोदाने म्हणतात की, माशाची दातखीळ बसली आहे. नवख्याची समजूत अशी की, उसळणारा मासा म्हणजे खाण्यास उत्सुक असलेला मासा. वस्तुतः उसळीचा आणि भुकेचा येथे काडीचाही संबंध नाही.

मग तो मुळीच तोंड का उघडतो? जाणकार याची तीन कारणे पुढे ठेवतात. पहिले कारण, सवय. समुद्रात समोरून चमकून गेलेली वस्तू झडप घालून धरण्याची जी सवय जडलेली असते, ती पोट मिटले तरी लगेच मिटत नाही. दुसरे कारण, चीड. अंडी घालण्याचा काळ जवळ येतो तसा मासा, विशेषतः नर, तापट होतो आणि आपल्या जागेत शिरलेल्या परक्या वस्तूस चावा घेऊन हुसकून लावू पाहतो. तिसरे कारण, जिज्ञासा. माशास हात नाहीत. समोरची वस्तू काय आहे हे पाहावयाचे तर ती तोंडानेच पाहावी लागते. सवय, चीड आणि जिज्ञासा ही तिन्ही क्षणभंगुर असतात. भूक तासन्तास टिकते, चीड एका क्षणात येते व जाते. तेव्हा कोहोला भुलविणे म्हणजे त्याला जेवायला बोलावणे नव्हे, तर त्याला क्षणभर छेडणे होय.

यावरून वेळेचे महत्त्व ध्यानात येईल. पहाटे फटफटल्यावरचा पहिला तास सर्वांत मोलाचा. रात्रभर निवांत असलेल्या डोहात पहिला गळ पडतो तेव्हा मासे बेसावध असतात. ऊन पाण्यावर आले आणि पाच-पन्नास गळ डोक्यावरून गेले की ते उदासीन होतात. दुसरी सुवेळ पावसानंतरची. शरदातील पावसाने नदी चढली म्हणजे मुखापाशी थांबलेले मासे आत शिरतात. पूर ऐन भरात असताना पाणी गढूळ असते, गळ टाकून उपयोग नाही; परंतु पाणी ओसरू लागून हिरवट निवळ झाले, हातभर खोलवरचे दिसू लागले, की नुकतेच आलेले ताजे मासे जागोजाग विसावलेले आढळतात, आणि त्यांच्यात समुद्राची सवय अजून शिल्लक असते.

जागेची निवडही अशीच विचारपूर्वक करावी लागते. कोहोस संथ पाणी प्रिय. मुख्य धारेच्या बाजूचे कोंडलेले पाणी, पडलेल्या झाडांच्या खोडांखालील सावली, लहान ओढा नदीस मिळतो तेथील वळसा, मागे फिरणारा मंद भोवरा, अशा ठिकाणी तो थव्याने थांबतो. खळाळत्या पाण्यात गळ वाहवत नेण्याची जी रीत इतर सामन माशांना लागू पडते, ती येथे निरुपयोगी ठरते; कारण संथ पाण्यात प्रवाह आमिषाला हालचाल देत नाही. ती हालचाल माणसाच्या मनगटातून यावी लागते.

प्रथम फिरकीचा विचार करू. तारेच्या कण्याभोवती गरगर फिरणारे पितळेचे, बहुधा चांदीचा मुलामा दिलेले पाते, त्यामागे छोटासा मणी आणि शेवटी एकच गळ, एवढाच हा सरंजाम. पाते फिरताना चमकते आणि त्याच वेळी पाण्यात कंप उठविते. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत संवेदनशील छिद्रांची एक रेघ असते. तिच्या योगे गढूळ पाण्यातही त्यास तो कंप जाणवतो. मोठ्या नदीत चार अगर पाच क्रमांकाची, आणि पाणी उतरून स्वच्छ झाले की त्याहून लहान व कमी चमकदार फिरकी घ्यावी. मुख्य नियम संथपणाचा. पाते जेमतेम फिरत राहील इतक्याच मंद गतीने दोरा गुंडाळावा; काठीच्या टोकाशी त्याची थरथर हातास लागत राहिली म्हणजे गती बरोबर आहे असे समजावे. घाईने ओढलेली फिरकी वर येते आणि तळाशी बसलेल्या माशाच्या डोक्यावरून निघून जाते.

फिरकीकडे मासे पाठ फिरवितात तेव्हा 'जिग' हाती घेतात. शिशाचे डोके बसविलेला गळ आणि त्याभोवती सशाच्या केसांची अगर मऊ पिसांची झालर, असे याचे रूप. वजन सुमारे दहा ते चौदा ग्रॅम. रंग गुलाबी, जांभळा अगर काळा. तो टाकून थोडा बुडू द्यावा, मग काठीच्या टोकाने एक आखूड हिसका द्यावा, लगेच टोक खाली आणून जिगला पडू द्यावे, आणि पुन्हा हिसका. हिसक्याने तो पळतो, पडताना झालर फुलते व मिटते. जखमी जीव धडपडत खाली जात असल्याचा भास होतो. बहुतेक चावे या पडण्याच्या क्षणी होतात. म्हणून दोरा त्या वेळी अगदी सैलही नको आणि ताठही नको. तो किंचित सरकला, थबकला अथवा जड वाटला, तरी तत्काळ काठी उचलावी. पळणारी वस्तू पाहून मांजर जसे इच्छा नसतानाही पंजा मारते, तसाच हा प्रकार आहे.

याहूनही नाजूक उपाय म्हणजे बोटाच्या पेराएवढा पातळ धातूचा चमचा. वॉशिंग्टन राज्यातील नद्यांत 'डिक नाइट' नावाचे असे चिमुकले चमचे वापरण्याची प्रथा आहे. मोठ्या आमिषांना विटलेला मासा त्यांना पुष्कळदा तोंड देतो. काही जण सामनचीच गाभोळी मीठ, साखर व टाकणखार लावून मुरवितात आणि तिचा लहानसा तुकडा तरंगत्या बुचाखाली, माशाच्या पातळीहून किंचित वर राहील असा, सोडतात. अलास्कातील संथ बगलपाण्यात हरणाच्या केसांची बांधलेली, 'पॉलीवॉग' नावाची गुलाबी माशी पाण्याच्या पृष्ठावरून फरकटत नेतात. तिच्यामागे पाण्याचा फुगवटा उठवीत कोहो धावून येतो, तेव्हा चीड हे कारण खरे असावे असे पाहणाऱ्यास वाटल्यावाचून राहत नाही.

आमिष कोणतेही असो, एकाच डोहात तेच ते शंभरदा फेकण्यात अर्थ नाही. पाच-सात फेकींत प्रतिसाद न आल्यास रंग बदलावा, मग आकार, मग गती. तरीही काही न घडल्यास डोहाला अर्धा तास विश्रांती द्यावी. याउलट, लांब दोरा थव्यातून ओढत नेऊन माशाच्या उघड्या तोंडात तो अडकविण्याची एक वाममार्गी युक्तीही काही ठिकाणी चालते. तिने मासा सापडतो खरा, पण त्याने आमिष घेतलेले नसते. बाहेरून अंगात गळ रुतलेला मासा सोडून द्यावा, असे तेथील नियमच सांगतात.

आता या विद्येची दुसरी बाजू. कोहोची संख्या अनेक नद्यांत फार घटली आहे. मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील कोहोस १९९६ मध्ये अमेरिकेच्या कायद्याने धोक्यात आलेला, आणि २००५ मध्ये निर्वंश होण्याच्या मार्गावर असलेला ठरविले. धरणे, जंगलतोड व ओढ्यांचा नाश ही जुनी कारणे होत. त्यात एक नवे कारण २०२० च्या डिसेंबरात संशोधकांनी उघडकीस आणले. मोटारीच्या टायरांतील एका रसायनाचा हवेतील ओझोनशी संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन नावाचे विष तयार होते. पावसाच्या पाण्याबरोबर ते रस्त्यांवरून ओढ्यांत उतरते, आणि शहरानजीकच्या ओढ्यांत कोहो अंडी घालण्यापूर्वीच काही तासांत मरतात. ज्या पावसाची हाक ऐकून मासा नदीत शिरतो, त्याच पावसातून हे विष येते.

म्हणून वॉशिंग्टन व ऑरेगन राज्यांत, १९९० नंतरच्या दशकापासून, मत्स्यकेंद्रांत वाढविलेल्या कोहोच्या पाठीवरील शेपटीजवळचा लहान मांसल पर पिल्लूपणीच कापून टाकतात. तो पर नसेल तो मासा घरी न्यावा; तो पर शाबूत असेल तो रानटी वंशाचा, आणि बहुतेक नद्यांत तो परत सोडावा लागतो. पण सोडलेला मासा जगतो काय? अलास्कातील लिटल सुसित्ना नदीवरील, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे उत्तर विचार करावयास लावणारे आहे. भरती-ओहोटीच्या पाण्यात गळाने पकडून सोडलेल्या कोहोंपैकी सुमारे ६९ टक्के मेले; त्याच नदीत वर, जेथे भरती पोहोचत नाही तेथे, हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. खाऱ्या पाण्यातून गोड्यात येताना माशाच्या देहात मोठी उलथापालथ चालू असते, त्याचे खवले सैल असतात. त्या अवस्थेत त्यास झुंज सोसत नाही.

याचा अर्थ असा की, जो मासा सर्वांत सहज गळाला लागतो तोच सोडल्यावर सर्वांत सहज मरतो; आणि ज्याची दातखीळ बसली म्हणून माणूस कंटाळतो, तो वरच्या डोहातील हट्टी मासाच सुटकेनंतर बहुधा तगून राहतो. ज्या ठिकाणी रानटी मासा सोडणे भाग आहे, तेथे मुखापाशी सोप्या शिकारीचा मोह टाळून वर जावे, अवघड माशाशी खेळावे, हाच न्यायाचा मार्ग. गळास उलटा काटा नसावा. दोरा मजबूत घ्यावा, म्हणजे झुंज लांबत नाही. मासा काठाशी आला की त्यास वाळूवर ओढू नये, कल्ल्यांत बोटे घालू नयेत; पाण्यातच आडवा धरून प्रथम पाठीवरील तो मागचा पर पाहावा. पर असल्यास चिमट्याने गळ फिरवून काढावा, तोंड प्रवाहाकडे करून शेपटीशी हलका आधार द्यावा, आणि स्वतःच्या बळाने तो निसटेपर्यंत थांबावे. मादी असेल तर तिच्या पोटात अडीच-तीन हजार अंडी असतात, आणि ती घालण्यास तिला एवढी एकच संधी मिळते.