काम चालू, चालणं बंद!

गाडीवाल्यांना बाण आहे, लाल ब्लिंकर आहे, शिट्टी फुंकणारा वॉर्डन आहे. आणि पायी जाणाऱ्याला? ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’चा बोर्ड!

मुंबईत नोकरी करायची तर तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धं टेकून डुलकी काढणं, एका हाताने मोबाइल आणि दुसऱ्याने दांडा सांभाळणं, आणि स्टेशनवर उतरल्यावर खणलेल्या रस्त्याच्या कडेकडेने सर्कस करत वेळेत पंच-इन करणं. पहिल्या दोन आपण कॉलेजातच शिकतो. तिसरीचा क्रॅश कोर्स गेली काही वर्षं अख्ख्या शहरात फुकट चालू आहे.

मेट्रो-३ चंच उदाहरण घ्या. भुयार खणायला २०१७ मध्ये सुरुवात झाली. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडला, आणि गाडी थेट कफ परेडपर्यंत पोहोचायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. म्हणजे गिरगावातल्या ज्या मुलीने २०१७ ला अकरावीत अ‍ॅडमिशन घेतली, ती बारावी झाली, ग्रॅज्युएट झाली, एमबीए झाली, पहिल्या नोकरीला लागली, आणि मग कुठे तिच्या घराखालून मेट्रो धावली. तोवर तिचं टीनएज पत्र्यांच्या भिंतीला खांदा घासत गेलं. मेट्रो मस्त आहे, एसी आहे, वेळ वाचवते, त्यात वादच नाही. प्रश्न त्या मधल्या आठ वर्षांचा आहे.

त्यात भर म्हणून काँक्रीटचे रस्ते. जानेवारी २०२३ मध्ये भूमिपूजन झालं आणि बघता बघता शहरातली गल्लीन्‌गल्ली उघडी पडली. २०२५ मध्ये पालिकेने ३१ मे ही डेडलाइन ठरवली होती. पाऊस मात्र २६ मे रोजीच दाखल झाला! मुंबईत मान्सून इतक्या लवकर आल्याची नोंद त्याआधी नव्हती. मग काय, अर्धवट चर, चिखल, वर फळी आणि फळीवर फॉर्मल शूजमधले आपण.

पुणेकरांनी हसू नये. विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला आणि नव्या पुलाची पहिली बाजू ऑगस्ट २०२५ मध्ये खुली झाली. औंध-बाणेरहून शिवाजीनगरला जाणाऱ्यांना त्या पाच वर्षांबद्दल विचारून बघा. उत्तर छापण्यासारखं नसेल.

‘तात्पुरतं’ म्हणजे किती?

रस्ता कधीतरी खणावाच लागतो. पाइप बदलायचे, केबल टाकायच्या, मेट्रो आणायची तर दुसरा उपाय नाही. दोन-चार दिवसांचं काम असेल तर माणूस उडी मारून जातो, फारतर एक शिवी हासडतो. पण तीन वर्षांचं काम तात्पुरतं नसतं. तो त्या काळापुरता आपला रस्ताच असतो. आणि रस्ता म्हटला की त्यावर चालायची जागा हवी, दिवा हवा, पलीकडे जायची सोय हवी. घोळ नेमका इथे होतो. काम वर्षानुवर्षांचं, आणि पादचाऱ्याची सोय मात्र दोन दिवसांच्या कामासारखी. बहुतेक वेळा तीही नाही.

असं का होतं? लेन अडवायची तर वाहतूक पोलिसांची परवानगी लागते आणि त्यात गाड्यांना किती जागा उरते हे बघितलं जातं. फुटपाथ अडवला तर हॉर्न वाजवणारं कोणी नसतं. मग पत्रे आधी फुटपाथवर सरकतात. उरलेल्या जागेत काढलेले पेव्हर ब्लॉक रचले जातात, सळयांचा भारा पडतो, मुकादमाची खुर्ची येते, त्याच्या बाजूला चहाची टपरी. आपण सरळ रस्त्यावर. आणि पत्र्यांच्या आत खरंच काम चालू आहे का, हे एकदा फटीतून डोकावून बघाच. कित्येकदा आत एक जेसीबी आणि दोन झोपलेली कुत्री.

धोका नेमका कुठे असतो?

खणलेला रस्ता म्हणजे खड्ड्यात पडायची भीती, असं आपल्याला वाटतं. पण खड्डा निदान दिसतो तरी. जास्त घात न दिसणाऱ्या गोष्टी करतात.

पत्र्यांचा शेवटचा कोपरा घ्या. सहा-सात फुटी पत्र्यांच्या आडून तुम्ही बाहेर पाऊल टाकता, तेव्हा येणाऱ्या बाइकवाल्याला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हाला तो. त्यातून अर्ध्या रस्त्यावर दोन्ही दिशांची वाहतूक चालू असली की ‘गाडी उजवीकडूनच येणार’ हा शाळेत शिकलेला नियम गुंडाळून ठेवायचा. रिक्षा कुठूनही येते. बाइक तर पत्रे आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या बोळातूनसुद्धा येते, आणि वर तुम्हालाच हॉर्न देते.

मग काँक्रीटची कडा. हा रस्ता बहुतेक वेळा अर्धा-अर्धा करतात. एक बाजू ओतली की ती पुरेशी पक्की व्हायला साधारण २८ दिवस धरतात. तोवर वर ओली गोणपाटं, पाण्याचे वाफे आणि गाड्यांना बंदी. नवी बाजू उंच, जुनी खाली, मध्ये चांगली फूटभराची पायरी. त्या कडेतून आडव्या सळया बाहेर आलेल्या असतात, पुढच्या स्लॅबला जोडायला ठेवलेल्या. बरोबर पोटरीच्या उंचीवर. दिवसा त्या दिसतात. रात्री नऊला, दिव्याचा खांबच काढून ठेवलेला असताना, त्या फक्त लागतात. त्यांच्या टोकांना साध्या प्लॅस्टिकच्या टोप्या घालता येतात. किती ठिकाणी घातलेल्या दिसल्या, तुम्हीच आठवा.

चरांवर टाकलेली लोखंडी प्लेट कोरडी असताना बिनधास्त वाटते. चार थेंब पडले की ती साबण होते. आणि काँक्रीट मिक्सर किंवा डंपर मागे येत असेल तर बाजूने सटकायचा मोह आवराच. त्या ड्रायव्हरला गाडीच्या डाव्या बाजूचं आणि अगदी पुढ्यातलं फारसं दिसत नाही. सोपी खूण म्हणजे त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

हे सगळं ‘जरा जपून चाला’ या कॅटेगरीतलं वाटत असेल, तर हे आकडे बघा. देशात २०१६ मध्ये रस्ते अपघातांत १५,७४६ पादचारी गेले. २०२३ मध्ये ३५,२२१. सात वर्षांत दुपटीपेक्षा जास्त! हे सगळे काही खणलेल्या रस्त्यांवरचे नव्हेत, अर्थातच. पण फुटपाथवरून उतरून गाड्यांमध्ये चालायला लावणं म्हणजे काय, याचा अंदाज त्यावरून यावा.

आणि एक घटना आपल्या रोजच्या वाटेवरची. २५ सप्टेंबर २०२४ ची संध्याकाळ, धो-धो पाऊस, अंधेरीत सीप्झजवळचा पाण्याखाली गेलेला रस्ता. ४५ वर्षांची एक महिला तिथल्या उघड्या गटारात पडली, वाहून गेली आणि जिवानिशी गेली. त्या पट्ट्यात मेट्रोची कामं झाली होती. ती जागा नेमकी कोणाच्या ताब्यात, यावर नंतर यंत्रणांमध्ये वाद झाला. सीप्झ म्हणजे हजारो ऑफिसांचा पत्ता. त्या संध्याकाळी तिथून गुडघाभर पाण्यातून घरी निघालेल्यांत आपल्यातलेही असतीलच.

नियम आहेत हो, चांगले आहेत

गंमत म्हणजे या सगळ्यावर पुस्तक तयार आहे. रस्त्याचं काम चालू असताना वाहतूक कशी हाताळायची, यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची खास मार्गदर्शिका आहे. आधी २००१ ची, मग २०१४ ची सुधारित. कामाआधी सूचना कुठे, वळण कुठून, काम कुठे, संपतं कुठे, असे चार पट्टे तिने आखून दिलेत. पादचाऱ्यासाठी सुरक्षित वाट ठेवायची, हेही त्यात आहे.

ब्रिटनमधलं याच विषयावरचं पुस्तक तिथे ‘रेड बुक’ म्हणून ओळखलं जातं. फुटपाथ खणलात तर चालणाऱ्याला किमान एक मीटरची मोकळी वाट द्यायची, जमेल तिथे दीड मीटरची. बॅरिकेडला जमिनीलगत एक आडवी पट्टी हवी, म्हणजे काठी टेकत चालणाऱ्या अंध माणसाला कडा कळते. केवढीशी गोष्ट! पण कोणीतरी पत्रे लावायच्या आधी त्या माणसाचा विचार केलाय. आपल्याकडे ‘पादचाऱ्यांसाठी मार्ग’ असा बाण कधीमधी दिसतो. तो मागच्या चिखलाकडे बोट दाखवत असतो.

कोर्टांनी मात्र विषय मनावर घेतलाय. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं की चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पाठोपाठ १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. महापालिकेच्या हद्दीत हे ठरवायला आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती, आणि पैसे दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत. सहा लाखांत माणसाची किंमत होत नाही, हे खरंच. पण खड्ड्याला आता बिल लागू शकतं, हे कंत्राटदाराला कळणं महत्त्वाचं. याउलट मोटार वाहन कायद्यात २०१९ ला घातलेलं १९८ अ कलम बघा. रस्त्याच्या बांधणीत मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा कोणाला अपंगत्व आलं, तर कंत्राटदाराला किंवा यंत्रणेला दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये. आपल्या ऑफिसातल्या काहींचा फोन याहून महाग आहे.

मग उद्या सकाळी काय करायचं?

सगळ्यात आधी हेडफोन काढा. निदान पत्र्यांच्या पट्ट्यात तरी. कोपऱ्यामागची बाइक डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येते. रस्त्यावरून चालावंच लागलं तर समोरून गाड्या येतील अशा बाजूने चाला, पाठीमागून येतील अशा नाही. ऑफिसचे शूज किंवा हिल्स डेस्कखाली ठेवा आणि येता-जाता पकड असलेले बूट घाला. फॅशन पोलीस आत बसलेत, बाहेर नाहीत. पाणी भरलं असेल तर गोणपाट किंवा झाडाची फांदी उभी केलेली दिसते, ती जागा चुकवाच. तिथे चेंबर उघडा आहे हे सांगायला कोणा भल्या माणसाने ती खोचलेली असते.

रात्री उशिराची शिफ्ट असेल तर जास्त काळजी घ्या. दिवसा ट्रॅफिक जॅममुळे गाड्या रांगतात, रात्री त्याच अरुंद पट्ट्यातून सुसाट जातात. पत्रे आणि भिंत यांच्यातल्या काळोख्या बोळातून एकट्या मुलीने जाऊ नये, असं सल्ल्याच्या सुरात सांगणं सोपं आहे. पण दुसरी वाटच ठेवलेली नसेल तर तिने जायचं कुठून? इथे कंपनीच्या अ‍ॅडमिनने हालचाल करावी. कॅबचा पिक-अप आणि ड्रॉप बिल्डिंगच्याच बाजूला ठेवला, तर मध्यरात्री खणलेला रस्ता ओलांडावा लागत नाही. बजेट शून्य, एक ई-मेल पुरे. फायर ड्रिल करणाऱ्या कंपन्यांना गेटबाहेरची शंभर पावलं का दिसत नाहीत, हे मला कळलेलं नाही.

आणि तक्रार करा. नुसतं स्टेटस टाकून ‘स्पिरिट ऑफ मुंबई’ लिहू नका. मुंबईत पालिकेची हेल्पलाइन १९१६. उघडं झाकण, खाली लोंबणारी वायर, बंद दिवा असं काही असेल तर आधी फोन, मग वॉर्ड ऑफिसला लेखी. ‘रस्ता खराब आहे’ असं मोघम लिहिलं की ते फायलीत जाऊन झोपतं. त्याऐवजी जवळचं दुकान किंवा खांबाचा नंबर, तारीख-वेळ आणि दोन फोटो द्या. एक जवळून, एक आजूबाजूचा परिसर दिसेल असा. पत्र्यावरच्या बोर्डवर यंत्रणेचं आणि कंत्राटदाराचं नाव असेल तर त्याचाही फोटो घ्या. बोर्ड नसेल तर तेही लिहा. मागणीसुद्धा नेमकी असू द्या. पत्रे दीड मीटर आत घ्या, सळयांना टोप्या घाला, कोपऱ्यावर जाळीचं बॅरिकेड लावा म्हणजे पलीकडचं दिसेल. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि एका बिल्डिंगमधल्या चार कंपन्यांनी मिळून तो आठवड्याने पुन्हा विचारा. एकट्या माणसाला ‘बघतो’ म्हणता येतं, चार लेटरहेडना जरा जड जातं.

कोणी पडलंच, तर उचलून रिक्षात घालण्याआधी दहा सेकंद काढून जागेचा फोटो घ्या. हॉस्पिटलचे कागद जपून ठेवा, केसपेपरवर ‘रस्त्याच्या कामाच्या खड्ड्यात पडून’ असं कारण लिहून घ्या आणि पोलिसांकडे नोंद करा. भरपाई मागायला गेलात तर पहिला प्रश्न ‘पुरावा काय?’ हाच येणार, आणि तोवर तो खड्डा खडी टाकून बुजवलेला असेल.