आधी वाचा, मग सही करा

गेल्या महिन्यात एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. बेळगावातल्या एका दुकानात तो सहा वर्षं बिलं आणि वह्या लिहायचा. पगार १५ हजार. त्या दिवशी मालकांनी बोलावून सांगितलं, "नाळेयिंद बरबेड." उद्यापासून येऊ नकोस. धंदा बसला होता, माणसं कमी करायची होती. सहीसाठी एक कागदही पुढं केला, 'हिशेबाचा आहे' म्हणून.

पोरगा कानडी घडाघडा बोलतो, पण वाचताना अडखळतो. "घरी दाखवून आणतो," म्हणून तो कागद घेऊन निघाला आणि थेट आमच्याकडे आला. माझी सौ. धारवाडची, कन्नड शाळेत शिकलेली. तिनं कागदावर नजर टाकली न् म्हणाली, "अहो, हिशेब कुठला? हा राजीनामा आहे. 'स्वइच्छेयिंद' लिहिलंय!"

सही झाली असती तर त्याला काढलं असं ठरलं नसतं, तो आपणहून गेला असं ठरलं असतं. फरक मोठा आहे. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व वाणिज्य आस्थापना कायद्याचं ३९ वं कलम सांगतं, की सलग सहा महिने काम केलेल्या माणसाला योग्य कारणाशिवाय काढता येत नाही. काढायचं तर एक महिना आधी नोटीस, नाहीतर महिन्याचा पगार. रीतसर चौकशीत गैरवर्तन सिद्ध झालं, तरच नोटिशीची गरज नाही.

शिवाय वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात केली, तर दर पूर्ण वर्षामागं १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तरी तरतूद कायम आहे. म्हणजे या मुलाचे नोटिशीबदली १५ हजार आणि भरपाईचे सुमारे ४५ हजार त्या एका सहीत गेले असते.

त्याचे वडील मात्र अस्वस्थ झाले. "सर, ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांना कायदा दाखवायचा?" मी म्हटलं, "काका, नोटीस म्हणजे भांडण नव्हे. दुसरी नोकरी शोधेपर्यंत चूल पेटती राहावी, म्हणून दिलेला तो महिना आहे." हा न्याय दोन्हीकडून आहे. आपण नोकरी सोडतानाही नेमणूकपत्रात लिहिलेली मुदत पाळावी, एका रात्रीत पाठ फिरवू नये.

दुसऱ्या दिवशी त्यानं सही न करता कागद परत दिला आणि काय ते लेखी द्या, अशी नम्रपणे विनंती केली. आठवड्यानं नोटिशीचा पगार हातात पडला. भरपाईसाठी आता तो कामगार खात्यात अर्ज देतो आहे.

राजीनामा हा शब्द मराठीत आणि कन्नडात जवळजवळ एकच. आड आली ती फक्त लिपी. तुमच्या घरात कन्नड वाचणारी सून असेल, मराठी वाचणारे सासरे असतील. सही करण्याआधी कागद त्यांच्या हातात द्या.