माळ्यावरची पेटी आणि रेल्वेतला पियानोवाला

बारावी, एन्ट्रन्स, नोकरी... आणि कापडात गुंडाळून माळ्यावर गेलेली पेटी. तुमचीही स्टोरी अशीच आहे? मग दीडशे वर्षांपूर्वीच्या या रशियन संगीतकाराला भेटाच!

लातूर असो की नांदेड, हा सीन घरोघरी सारखाच. पाचवी-सहावीत पोराला किंवा पोरीला पेटीच्या क्लासला घालतात. प्रवेशिका होते, मध्यमा प्रथमही होते. गणपतीत कॉलनीच्या स्टेजवर एखादं भावगीत वाजवून टाळ्या मिळतात. मग दहावी येते आणि 'लातूर पॅटर्न' नावाचं वादळ घरात शिरतं. 'एवढी दोन वर्षं काढ, मग आयुष्यभर वाजव की!' आई म्हणते. पेटी माळ्यावर जाते. बघता बघता दोनाची दहा वर्षं होतात. आता आपण क्युबिकलमध्ये आणि पेटी अजून तिथेच!

'आता काय उपयोग? वेळ निघून गेली...' असं वाटत असेल, तर मिली बालाकिरेवची गोष्ट ऐकाच. नावावर जाऊ नका, हा 'मिली' चांगला दाढीवाला गृहस्थ होता.

ऑफिसवाल्यांची गँग

बालाकिरेव जन्मला १८३७ च्या जानेवारीत, व्होल्गाकाठच्या निझ्नी नोवगोरोदमध्ये. वडील सरकारी नोकर. पियानोचे पहिले धडे आईकडून. कॉलेजात विषय कुठला? गणित! अठराव्या वर्षी तो राजधानी सेंट पीटर्सबर्गला आला. तेव्हा रशियात संगीताचं एकही कॉन्झर्व्हेटरी कॉलेज नव्हतं, पहिलं निघालं १८६२ मध्ये. मोठ्या घरांत रुबाब होता तो इटालियन ऑपेराचा आणि जर्मन शिस्तीचा. आपल्या गावातली गाणी? ती शेतकऱ्यांची, दिवाणखान्यात कशाला!

बालाकिरेवला हेच खटकायचं. त्याच्याभोवती चार दोस्त जमले. बोरोदिन केमिस्ट्रीचा प्राध्यापक, क्युई लष्करी इंजिनियर, रिम्स्की-कोर्साकोव्ह नौदलात आणि मुसोर्गस्की सैन्यातली नोकरी सोडून सरकारी कारकून झालेला. संगीताची डिग्री एकाकडेही नाही! दिवसा ड्युटी आणि संध्याकाळी पियानोभोवती वादावादी. स्तासोव्ह नावाच्या समीक्षकाने १८६७ मध्ये त्यांना 'ताकदवान मूठ' असं नाव दिलं आणि ते चिकटलंच. बालाकिरेव स्वतः व्होल्गाकाठी फिरून लोकगीतं टिपून आला होता. त्यांचा संग्रह त्याने १८६६ मध्ये छापला.

दोन चाली, नऊ मिनिटं

मग १८६९ मध्ये आला त्याचा सिक्सर. नाव 'इस्लामेय'. काकेशसच्या डोंगराळ मुलुखात फिरताना त्याने तिथल्या एका सरदाराकडून या नावाच्या नाचाची चाल ऐकली होती. दुसरी चाल क्रिमियातल्या तातार लोकांमधली, ती मॉस्कोत एका नटाने ऐकवली. या दोन चालींवर त्याने महिन्याभरात पियानोची रचना उभी केली.

पेटीवर एक हात भात्यात अडकलेला असतो. पियानोत दोन्ही हात मोकळे, आणि बालाकिरेव दोन्ही हातांना घाम फोडतो. सुरुवातीला एकच सूर टपाटप पुन्हा पुन्हा वाजतो, तंतुवाद्य छेडल्यासारखा. नाच तीन-तीनच्या झोक्यात धावत सुटतो. मधे अचानक सगळं शांत होतं आणि ती तातार चाल येते, हळवी, रेंगाळणारी. मग तीच चाल वेगाच्या तावडीत सापडते आणि शेवटची दोन मिनिटं म्हणजे नुसता धुरळा!

किती अवघड? काही जागा आपल्यालाच जमत नाहीत, असं स्वतः बालाकिरेवने कबूल केलं होतं. स्क्रियाबिनने विद्यार्थिदशेत या आणि लिस्टच्या एका रचनेचा अति रियाझ करून उजवा हात दुखावून घेतला. फ्रान्सच्या राव्हेलने तर १९०८ मध्ये 'इस्लामेय'पेक्षा अवघड लिहायचं असं ठरवूनच एक रचना केली.

आणि गंमत बघा, 'राष्ट्रवादी' रशियन संगीतकाराच्या या गाजलेल्या तुकड्यातल्या दोन्ही चाली रशियन नाहीतच! ज्या काकेशसवर रशियन साम्राज्याने १८६४ पर्यंत लढून कब्जा केला, तिथल्या लोकांची एक चाल आणि तातारांची दुसरी. माणसाचा कान त्याच्या घोषणांपेक्षा मोठा होता.

अकरा रुबल

इथपर्यंत स्टोरी हिट. पण त्याच वर्षी पीटर्सबर्गच्या मोठ्या संगीत संस्थेचं कंडक्टरपद हातून गेलं. दरबारात त्याचा फटकळपणा कुणाला आवडत नव्हता. खिसा रिकामा. १८७० मध्ये त्याने आपल्या जन्मगावी कार्यक्रम ठेवला. आपली माणसं तरी येतील! हॉल भरलाच नाही. हाती उरले अकरा रुबल.

तो खचला. १८७२ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्याने वॉर्सा रेल्वेत कारकुनाची नोकरी धरली. मित्रांना भेटणं टाळलं, देवधर्मात बुडाला आणि काही वर्षं संगीताला जवळजवळ शिवलाच नाही. रशियाच्या नव्या संगीताचा म्होरक्या रेल्वेच्या कागदांत डोकं घालून बसला होता.

हा माणूस संत नव्हता, हेही सांगायला हवं. दोस्तांच्या रचनांत तो खुशाल स्वतःच्या दुरुस्त्या लादायचा. पुढे त्याचा राष्ट्रवाद आक्रसत गेला, ज्यूंबद्दलचा द्वेष त्यात उघड दिसायचा. ज्या कानाने परक्यांच्या चाली जिवापाड जपल्या, त्याच माणसाचं मन असं अरुंद व्हावं, हे वाचताना खटकतंच.

सेकंड इनिंग

पण तो परतला. हळूहळू, १८७६ च्या सुमारास. १८६७ मध्ये हाती घेतलेली 'तमारा' ही वाद्यवृंदाची रचना १८८२ मध्ये पूर्ण झाली. १८६४ मध्ये सुरू केलेली पहिली सिंफनी संपली १८९७ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी! १८८३ पासून दहा-अकरा वर्षं तो दरबाराच्या गायकवृंदाचा प्रमुख होता. त्या नोकरीतून मोकळा झाल्यावर, साठीच्या आसपास, त्याच्या पियानोच्या रचना धडाधड येऊ लागल्या. १९०२ मध्ये 'इस्लामेय'वर पुन्हा हात फिरवला. १९०५ च्या पियानो सोनाटात तर त्याने तरुणपणीचं साहित्य बाहेर काढून वापरलं. १९१० मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी तो गेला.

नोकरी लागली म्हणून सूर मेले नाहीत. ते वाट बघत होते, इतकंच.

नांदेडच्या रेल्वे विभागाच्या ऑफिसात, लातूरच्या एखाद्या बँकेत किंवा पुण्याहून रात्रीच्या गाडीने गावाकडे येणाऱ्या आयटीवाल्यांत मध्यमा झालेले किती जण असतील? येत्या रविवारी स्टूल घ्या, माळ्यावर चढा. भात्याला भोक पडलं असेल, एखादा सूर बसला असेल. ते दुरुस्त होतं. बोटं अडखळतील, तीही सुधारतील. आणि गणपतीत वाजवलेलं ते भावगीत आठवत असेल, तर तिथूनच सुरू करा. आईलाही आठवत असेलच, तिने शब्द दिलाय!

इयरफोन लावा!

'द लार्क': ग्लिंकाच्या गाण्यावरून बालाकिरेवने १८६४ मध्ये पियानोसाठी केलेली रचना. चंडोलाची शीळ ऐका. पहिल्या भेटीला बेस्ट.

'इस्लामेय': होरोविट्झ किंवा बोरिस बेरेझोव्स्की. व्हिडिओ मिळाला तर बोटं बघाच.

पियानो सोनाटा, बी फ्लॅट मायनर: दुसरा भाग म्हणजे एक मस्त माझुर्का. रात्री उशिराच्या प्रवासासाठी.