हिटलरपुढे न झुकलेले धर्मपंडित

नास्तिक माणूस भेटला की आपण लगेच त्याच्याशी वाद घालायला सरसावतो. पण ईश्वराला न मानणाऱ्यापेक्षा ईश्वराचे नाव घेऊन सत्तेची पूजा करणारा माणूस धर्माचे जास्त नुकसान करतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. जर्मनीतील ख्रिस्ती समाजाला याचा अनुभव १९३३ साली आला.

त्या वर्षी हिटलर सत्तेवर आला. प्रोटेस्टंट चर्चमधील ‘जर्मन ख्रिश्चन’ नावाच्या गटाला हिटलर म्हणजे ईश्वरानेच राष्ट्राला दिलेली देणगी वाटत होती. ज्यू वंशाच्या धर्मगुरूंना पदावरून काढा, अशी या गटाची मागणी होती. हिटलरच्या मर्जीतले लुडविग म्युलर साऱ्या देशाचे बिशप झाले.

याला विरोध करणारे लोक मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमले आणि त्यांनी सहा कलमांचा जाहीरनामा काढला. त्याचा मसुदा मुख्यतः कार्ल बार्थ या स्विस धर्मपंडितांचा होता. न्याय आणि शांतता राखणे हे शासनाचे काम आहे. पण शासनाने माणसाच्या साऱ्या जीवनाचा मालक होऊ नये आणि चर्चनेही शासनाचे खाते बनू नये, असा त्याच्या पाचव्या कलमाचा आशय आहे. हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला बार्थ यांनी नकार दिला. १९३५ मध्ये त्यांची प्राध्यापकी गेली आणि ते बाझेलला परतले.

माणूस स्वतःचेच गुण मोठे करतो आणि त्यांना देव म्हणतो, असे फॉयरबाख या नास्तिक विचारवंताने १८४१ मध्ये लिहिले होते. बार्थ यांनी त्याला झिडकारले नाही. आपल्या सोयीचा देव घडवणाऱ्या धर्माला हा आरोप लागू पडतो, असे त्यांनी मानले. आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. शिर्क केवळ दगडाच्या मूर्तीपुरता नसतो. राष्ट्र, वंश आणि नेता यांच्याही मूर्ती होतात.

त्यांचे तरुण सहकारी डीट्रिश बोनहॉफर यांना एप्रिल १९४३ मध्ये अटक झाली. बर्लिनच्या तुरुंगातून त्यांनी मित्राला पत्रे लिहिली. बुद्धी थकली किंवा संकट आले की तेवढ्यापुरता आठवायचा, असा ईश्वर त्यांना मान्य नव्हता. धार्मिक लोकांपेक्षा धर्म न मानणाऱ्यांशी आपले मन अनेकदा अधिक जुळते, असेही त्यांनी कळवले. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी झाली. तेव्हा त्यांचे वय ३९ होते.

पण या कथेत एक डाग आहे. बार्मेनच्या जाहीरनाम्यात छळ सोसणाऱ्या ज्यूंविषयी एक शब्दही नाही. शासनाने चिरडलेला माणूस ख्रिस्ती नसला तरी त्याच्या मदतीला जाणे हे चर्चचे कर्तव्य आहे, असे बोनहॉफर यांनी १९३३ मध्येच लिहिले होते. बार्थ यांनी पुढे आयुष्याच्या अखेरीस ही आपली चूक असल्याचे कबूल केले.

हजरत ईसा (अ.) यांच्याविषयी या पंडितांची जी श्रद्धा होती, ती आपल्याला मान्य नाही. तौहीदच्या बाबतीत तडजोड नाही. तरीही त्यांची ही कबुली आपण जपून ठेवावी. आपल्या मशिदीवर, आपल्या मदरशावर गदा आली की आपण बोलतो, आणि बोललेच पाहिजे. शेजारच्या वेगळ्या धर्माच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसावर अन्याय होतो, तेव्हा आपण काय करतो? आपल्या ईमानाची परीक्षा तिथेही होत असते.