विजेच्या बेंजोची पारख

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, तिवसा तालुक्यात, मोझरी लागते. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली जेथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली, त्या या परिसरात भजनाचे मानाचे वाद्य म्हणजे खंजेरी. महाराजांच्या हातातील त्या लहानशा वाद्याने साऱ्या वऱ्हाडाला गावयास लावले, हे सर्वश्रुत आहे. अशा मुलखात एखादे भजनी मंडळ वर्गणी जमवून विजेचा बेंजो आणते, तेव्हा त्याच्या नादाची खातरजमा करण्यात हयगय होता कामा नये. कारण खंजेरीने ताल राखला की तिचे काम झाले, बेंजोला मात्र सबंध मंडळीला सूर दाखवावयाचा असतो.

या वाद्याचे माहेर जपान. नागोया येथे मोरिता गोरो यांनी १९१२ साली टंकलेखनयंत्रासारख्या कळा तंतुवाद्यास जोडून ‘ताइशोगोतो’ सिद्ध केले, आणि तेच हिंदुस्थानात बुलबुलतरंग व बेंजो या नावांनी रुळले. महाराज स्वतः १९५५ साली विश्वधर्म परिषदेनिमित्त जपानला जाऊन आले होते, हा योगायोग मला येथे सहज आठवतो.

नवा बेंजो प्रथम वीज न जोडताच ऐकावा, असा माझा आग्रह आहे. विजेने नाद मोठा होतो, तसा दोषही मोठा होतो. स्वराच्या तारा गाणाऱ्याच्या पट्टीतील षड्जात आणि साथीच्या तारा षड्ज-पंचमात मिळवाव्यात. नव्या तारा ताणल्या जाऊन उतरतात, म्हणून थोडा वेळ वाजवून त्या पुन्हा मिळवाव्या लागतात. मग वरच्या षड्जाची कळ दाबावी. ती तारेची कंपमान लांबी निम्म्यावर आणते, म्हणून मोकळ्या तारेचा स्वर आणि हा स्वर बरोबर एका सप्तकाच्या अंतराने जुळावयास हवेत. तसे न झाल्यास घोडी, सरकण्याजोगी असेल तर, किंचित सरकवावी. त्यानंतर प्रत्येक कळ सावकाश दाबून, नखीचा एकेकच आघात करून ऐकावे. एखादी कळ पुरती टेकत नसेल, तर त्या स्वराला झणझण लागते किंवा तो मध्येच विझतो, आणि जलद वाजविताना हा दोष नेमका लपतो. दुकानात चित्रपटगीताची धून झरझर वाजवून दाखवितात, तीवर विसंबून सौदा करू नये.

मग वीज. तारांखाली चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, यालाच पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावताच चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक तो वाढवितो. तारा पोलादीच हव्यात, त्या याच कारणाने. नुसती पितळी तार या पिकअपला जवळजवळ मुकीच. न वाजविताच घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर वाद्याची दिशा फिरवून पाहावी: तो कमी झाला, तर दोष बहुधा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचा, न झाला, तर केबल, जोडणी व अर्थिंग तपासावे.

खरी परीक्षा मात्र मंडळातच होते. खंजेरी, पेटी व गाणारे यांच्यासह एक संथ भजन घ्यावे, आवाजाची खुंटी अगदी खाली ठेवावी, आणि जाणत्या माणसाला शेवटच्या रांगेत बसवावे. त्याला भजनाचा शब्द न शब्द ऐकू येईल, तेथपर्यंतच खुंटी वर न्यावी. शब्द बुडू लागले, तर बेंजो कितीही गोड असो, आवाज उतरवावा.