मर्सिडीजने बीएमडब्ल्यू गिळली असती तर?
९ डिसेंबर १९५९, म्युनिक. बीएमडब्ल्यूच्या भागधारकांची सभा. कंपनी डबघाईला आलेली. आलिशान गाड्या तोट्यात, समोरून दार उघडणारी इटुकली इसेटा कशीबशी तग धरून. प्रस्ताव एकच: मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझच्या पंखाखाली जायचं. छोटे भागधारक आणि डीलर बिथरले. त्यांचे वकील फ्रीडरिश माटर्न यांनी ताळेबंदच धरला: नव्या '७००' मॉडेलचा विकासखर्च एकाच वर्षाच्या माथी मारलेला, म्हणून तोटा फुगलेला! सभा तहकूब, प्रस्ताव बारगळला. पुढे उद्योगपती हर्बर्ट क्वांट यांनी कंपनीत पैसा ओतला.

विलीनीकरण झालं असतं तर? माझ्या मते म्युनिकचा कारखाना मर्सिडीजचे सुटे भाग बनवत बसला असता. १९६१ ची '१५००' आलीच नसती, मग ३ सिरीज तरी कुठली? तुमचा अंदाज वेगळा असेल तर जरूर सांगा.